तेराव्या पिनेवरचं बोलणं

एचडीएमआय केबलचं टोक उजेडात धरून नीट पाहिलं, तर दीड सेंटिमीटरपेक्षाही कमी रुंदीत, दोन ओळींत बसवलेल्या १९ पिना दिसतात. पहिल्या १२ पिना चित्र आणि आवाज वाहून नेतात. २०१७ साली आलेल्या २.१ या आवृत्तीत त्यांच्यावरून सेकंदाला ४८ अब्ज बिट धावू शकतात. त्यांना लागूनच तेरावी पिन आहे. तिच्यावरून सेकंदाला जेमतेम चारशे बिट जातात. एकाच वेष्टनातल्या दोन वाटा, आणि एकीचा वेग दुसरीच्या साधारण साडेअकरा कोटी पट! तरीही टीव्ही, साउंडबार, प्लेअर, गेम कन्सोल अशी वेगवेगळ्या कारखान्यांत जन्मलेली यंत्रं एका संचासारखी वागू लागतात, ती या संथ पिनेमुळे.

तिची करामत अनेक घरांत रोज घडते. ब्लू-रे प्लेअर सुरू केला की निजलेला टीव्ही आपसूक जागा होतो आणि नेमका त्याच प्लेअरच्या पोर्टवर येतो. मागोमाग साउंडबार उठतो, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर गप्प होतात. टीव्हीच्याच रिमोटने आवाज वाढवला तर वाढतो तो साउंडबारचा. रात्री टीव्ही बंद केला की बाकीची यंत्रंही पाठोपाठ झोपतात. हे सगळं कोण ठरवतं? त्यासाठी घरात इंटरनेट लागत नाही, वायफाय लागत नाही, कुठला दूरचा सर्व्हर लागत नाही. यंत्रं आपापसांत बोलतात, आणि त्या बोलण्याच्या रीतीला नाव आहे 'कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स कंट्रोल', थोडक्यात सीईसी. ही रीत आतून उलगडून पाहिली की तिच्यातला नेटकेपणा थक्क करतो.

रिमोटला कान नसतात

सीईसीचं मोल कळायला आधी रिमोटची अडचण पाहायला हवी. १९५६ साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने रॉबर्ट ॲडलर यांच्या कल्पनेतून 'स्पेस कमांड' नावाचा रिमोट बाजारात आणला. त्यात बॅटरी नव्हती. बटण दाबलं की एक इवली हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, माणसाला ऐकू न येणारा ध्वनी निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. पुढे ध्वनीची जागा अवरक्त किरणांनी घेतली. आज बहुतेक रिमोटच्या टोकावरचा दिवा सेकंदाला ३८ हजारांच्या आसपास वेळा लुकलुकत आपला निरोप पाठवतो.

तंत्र बदललं, पण एक गोष्ट तशीच राहिली: रिमोट फक्त बोलतो, ऐकत काहीच नाही. पॉवरचं बटण दाबलं तेव्हा समोरचं यंत्र चालू होतं की बंद, हे त्याला ठाऊक नसतं. 'आहेस त्याच्या उलट हो' एवढंच तो सांगतो. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी 'सीएल ९' ही कंपनी काढून १९८७ साली 'कोअर' नावाचा सर्व यंत्रांसाठी एकच रिमोट आणला. नंतर लॉजिटेकच्या 'हार्मनी' रिमोटनी तीच वाट पुढे नेली. त्यांचं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं. असे रिमोट चतुर होते, पण कोणतं यंत्र चालू आहे आणि कोणतं बंद, याचा हिशोब त्यांना मनाशीच ठेवावा लागायचा. मध्येच कुणी हाताने एखादं यंत्र बंद केलं की तो हिशोब चुकायचा आणि 'सगळं चालू कर' म्हटल्यावर अर्धं चालू, अर्धं बंद व्हायचं.

यंत्रांना एकमेकांना 'तू जागा आहेस का?' असं विचारता आलं आणि उत्तर मिळालं, तर हा घोळ मुळातच संपतो. तेराव्या पिनेवर नेमकं तेच होतं.

सगळ्यांच्या हाती एकच दोरी

टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय पोर्ट असतात. चित्राच्या तारा प्रत्येक पोर्टला वेगळ्या, पण तेराव्या पिना मात्र आतून एकमेकींना जोडलेल्या. म्हणजे टीव्हीला लागलेली सगळी यंत्रं मिळून विजेच्या दृष्टीने तार एकच. त्या तारेवर एकाने उच्चारलेलं सगळ्यांना ऐकू जातं.

एकाच तारेवर अनेकांनी बोलायचं, तर गोंधळ का होत नाही? असं समजा की स्प्रिंगने वर ताणून धरलेली एक दोरी आहे आणि तिचं एकेक टोक प्रत्येकाच्या हाती आहे. कुणीही दोरी खाली ओढू शकतो, पण वर ढकलणं कुणाच्याच हाती नाही; सगळ्यांनी सोडली तरच ती आपसूक वर जाते. सीईसीची तार अशीच आहे. एरवी ती ३.३ व्होल्टवर असते, आणि बोलू पाहणारं यंत्र तिला शून्याकडे ओढतं. दोघांनी एकदम ओढलं तरी काही जळत नाही, बिघडत नाही, कारण तारेवर एकमेकांविरुद्ध जोर लावणारं कुणी नसतंच.

आता अक्षरं. शून्य आणि एक यांतला फरक फक्त वेळेचा. तार दीड मिलिसेकंद खाली राहिली तर शून्य, ०.६ मिलिसेकंद राहिली तर एक. दोन्हींसाठी पूर्ण अवधी २.४ मिलिसेकंदांचा. ऐकणारं यंत्र तार खाली गेल्यापासून साधारण १ मिलिसेकंदाने डोकावून बघतं: अजून खालीच असेल तर शून्य, वर गेलेली असेल तर एक. निरोपाच्या सुरुवातीला ३.७ मिलिसेकंदांची एक लांब ओढ असते, म्हणजे झोपेतली यंत्रंही कान टवकारतात. इतक्या संथ चालीमुळे हे काम अगदी स्वस्त, छोट्या चिपलाही जमतं. वायर लांब असली, वाटेत दोन-तीन यंत्रं असली, तरी बोलणं बिघडत नाही.

यातला सर्वांत सुंदर भाग पोचपावतीचा. सीईसीचा निरोप दहा-दहा बिटांच्या तुकड्यांत जातो. त्यातले आठ बिट मजकुराचे, नववा 'निरोप संपला की अजून आहे' हे सांगणारा, आणि दहावा पोचपावतीचा. हा दहावा बिट पाठवणारं यंत्र नेहमी 'एक' म्हणून सोडतं, म्हणजे तार लवकर वर जाऊ देतं. ज्याच्यासाठी निरोप आहे ते यंत्र त्याच क्षणी तार खाली धरून ठेवतं आणि त्या 'एक'चा 'शून्य' करून टाकतं. आपण पाठवलेला एक आपल्यादेखत शून्य झाला, म्हणजे निरोप पोचला! वेगळं उत्तर पाठवायला नको, वेगळी तार नको, वाट पाहायला नको. पावती निरोपाच्या पोटातच मिळते. तार वर गेलीच, तर पाठवणाऱ्याला कळतं की पलीकडे कुणी ऐकलेलं नाही. मग तो पुन्हा प्रयत्न करतो, जास्तीत जास्त पाच वेळा.

निरोप सगळ्यांसाठी असेल तेव्हा मात्र नियम उलटा होतो. तेव्हा सगळे गप्प राहिले तर मान्यता, आणि कुणाला निरोप नीट लागला नसेल तर त्याने तार खाली ओढून तसं कळवायचं. हे उलटं का? सगळ्यांच्या 'हो'मध्ये एखाद्याचं 'नाही' दडून जाऊ नये म्हणून.

घर क्रमांक आणि हुद्दा

बोलायचं तर पत्ता हवा. सीईसीत प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. पहिला सांगतो ते कुठे जोडलं आहे, दुसरा सांगतो ते कोण आहे.

पहिला पत्ता चार आकड्यांचा. टीव्ही म्हणजे ०.०.०.०. त्याच्या दुसऱ्या पोर्टला लावलेला प्लेअर २.०.०.०. पहिल्या पोर्टला ॲम्प्लिफायर असेल तर तो १.०.०.०, आणि त्या ॲम्प्लिफायरच्या तिसऱ्या पोर्टला लावलेला कन्सोल १.३.०.०. पत्ता वाचला की टीव्हीपासून तिथवरची वाट आपोआप कळते. हा पत्ता यंत्राला कसा समजतो, तेही पाहण्यासारखं आहे. केबल लावताच प्लेअर अठराव्या पिनेवरून पाच व्होल्ट पुढे करतो, टीव्ही एकोणिसाव्या पिनेवरून 'मी आहे' असं कळवतो, मग प्लेअर पंधराव्या आणि सोळाव्या पिनेवरून टीव्हीची माहितीपुस्तिका वाचतो. पडद्याची रुंदी, चालणारे रंग, आवाजाचे प्रकार हे सगळं त्या पुस्तिकेत असतं, आणि त्यातच पोर्टचा क्रमांकही असतो. टीव्ही प्रत्येक पोर्टवर त्या पोर्टचा आकडा घातलेली वेगळी प्रत ठेवतो. म्हणून केबल या पोर्टमधून त्या पोर्टमध्ये घातली, की यंत्राला आपण कुठे आलो हे स्वतःच उमगतं.

दुसरा पत्ता हुद्द्यासारखा, शून्य ते पंधरा यांतला एक आकडा. टीव्ही नेहमी ०. ध्वनियंत्रणेला ५. प्लेअरसाठी ४, ८ आणि ११. रेकॉर्डरसाठी १, २ आणि ९. सेट-टॉप बॉक्ससारख्या ट्यूनरना ३, ६, ७ आणि १०. पंधरा हा आकडा सगळ्यांना मिळून हाक मारायचा. हे आकडे वाटणारा अधिकारी मात्र कुणी नाही. नवा प्लेअर आला की तो तारेवर ४ या आकड्याला नुसती हाक मारतो. पोचपावती आली तर तिथे कुणीतरी आहे. मग तो ८ ला हाक मारतो, मग ११ ला. जिथे शांतता, ती जागा त्याची.

आणि दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडलं तर? आपण सोडलेली तार वर जायला हवी होती, पण ती खालीच आहे, हे ज्याच्या ध्यानात येतं तो ताबडतोब थांबतो. शून्य म्हणजे जास्त वेळ खाली, त्यामुळे ज्याच्या आकड्यात शून्य आधी येतं त्याचं बोलणं टिकतं. टीव्हीच्या पत्त्यात चारही बिट शून्य, म्हणून टीव्हीपुढे सगळे माघार घेतात. प्लेअरचा ४ आणि साउंडबारचा ५ यांत फरक फक्त शेवटच्या बिटाचा. तिथे प्लेअर पुढे जातो. यात जिंकणाऱ्याचा निरोप जराही बिघडत नाही, त्याला कुणी आड आलं होतं हे कळतही नाही. हरणारा आपली पाळी येईपर्यंत थांबतो. आणि एकानेच तार अडवून ठेवू नये म्हणून आणखी एक नियम: जो नुकताच बोलला, त्याने पुन्हा बोलण्याआधी सात बिटांएवढा वेळ थांबायचं, नव्याने बोलणाऱ्याला पाच बिटांची शांतता पुरते. आधी बोललेल्याने जरा मागे राहावं, ही रीत यंत्रांना शिकवलेली पाहून मन खरोखर प्रसन्न होतं.

एका बटणाचा प्रवास

आता हे सगळं एकत्र काम करताना पाहू. टीव्हीच्या रिमोटवर आवाज वाढवायचं बटण दाबलं. अवरक्त किरण टीव्हीपर्यंत पोचले. टीव्हीला माहीत आहे की आवाजाचं काम सध्या साउंडबारकडे आहे. तो तारेवर तीन तुकडे पाठवतो: ०५, ४४, ४१. हे आकडे संगणकाच्या षोडशमान पद्धतीतले. ०५ म्हणजे 'शून्याकडून पाचला', टीव्हीकडून ध्वनियंत्रणेला. ४४ म्हणजे 'माणसाने बटण दाबलं आहे'. ४१ म्हणजे 'आवाज वाढव'. तीन तुकड्यांचे तीस बिट, त्यांना ७२ मिलिसेकंद, वर सुरुवातीच्या लांब ओढीचे साडेचार. एकूण ७६.५ मिलिसेकंद. सेकंदाच्या तेराव्या भागात निरोप पोचलाही. बोट उचललं की ०५, ४५: 'बटण सोडलं'.

बोट दाबूनच ठेवलं तर टीव्ही 'दाबलं आहे' हा निरोप थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा पाठवत राहतो. तो यायचा अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ थांबला, तर साउंडबार समजतो की बटण सुटलं. 'सोडलं'चा निरोप वाटेत हरवला, तरी आवाज वाढतच चाललाय असं होत नाही. आणि पडद्यावर दिसणारा आवाजाचा आकडा टीव्हीच्या मनाचा नसतो. साउंडबार स्वतः आपली पातळी शून्य ते शंभरच्या मापात कळवतो, टीव्ही ती फक्त दाखवतो. इथे रिमोटच्या मुकेपणावरचा इलाज दिसतो: हुकूम गेला, आणि त्याचं काय झालं ते परत आलं.

प्लेअर सुरू केल्यावर टीव्ही जागा होतो, त्यामागे दोन निरोप आहेत. प्लेअर आधी टीव्हीला सांगतो, ४०, ०४: 'चित्र दाखवायच्या तयारीत ये'. मग सगळ्यांना उद्देशून जाहीर करतो की आता चित्राचा स्रोत मी, पत्ता २.०.०.०. दोन्ही मिळून सेकंदाच्या साधारण सहाव्या भागात आटोपतात. दुसरा निरोप सगळ्यांसाठी का? कारण तो वाटेतल्या ॲम्प्लिफायरलाही ऐकायचा असतो, म्हणजे तो आपलं इनपुट बदलेल; आणि आधी चित्र देणाऱ्या यंत्रालाही, म्हणजे त्याला आपली पाळी संपल्याचं कळेल. रात्री टीव्ही बंद केला की तो सगळ्यांना एकच हुकूम देतो, ३६: 'झोपा'. टीव्ही स्वतः झोपला तरी त्याची एक इवली चिप या तारेला कान लावून जागीच असते. जागं राहण्याची किंमत किती, तर युरोपीय संघाने २०१३ पासून साध्या स्टँडबायमधल्या यंत्रावर घातलेली मर्यादा अर्ध्या वॅटची आहे.

आपल्यासाठी खास वाटावा असाही एक हुकूम या यादीत आहे: 'मेन्यूची भाषा'. टीव्हीची भाषा बदलली की तो बाकीच्या यंत्रांना नव्या भाषेचं तीन अक्षरी सांकेतिक नाव कळवतो. जगातल्या भाषांसाठी ठरलेल्या आयएसओ ६३९-२ या यादीतून हे नाव येतं. मराठीचा संकेत आहे 'एम-ए-आर'. टीव्हीच्या मेन्यूत मराठी असेल आणि ती निवडली, तर ही तीन अक्षरं सेकंदाच्या आठव्या भागात प्रत्येक जोडलेल्या यंत्रापर्यंत पोचू शकतात, आणि ज्या यंत्रात मराठी मेन्यू असेल त्याला तो उघडायला सांगू शकतात. यंत्राच्या नावाबाबत मात्र मर्यादा आहे. टीव्हीच्या यादीत दिसणारं प्लेअरचं किंवा कन्सोलचं नाव याच तारेवरून येतं, पण ते फार तर १४ अक्षरांचं, आणि तीही साध्या रोमन संकेतातली. देवनागरी नाव या वाटेने पाठवता येत नाही.

जुनी मुळं, अनेक नावं

ही कल्पना एचडीएमआयपेक्षा जुनी आहे. फ्रान्समध्ये सत्तरच्या दशकात 'स्कार्ट' नावाचा २१ पिनांचा चपटा जोड जन्मला आणि युरोपभर टीव्ही-व्हीसीआर त्याने जोडले जाऊ लागले. त्याच्या दहाव्या पिनेवर 'एव्ही डॉट लिंक' नावाची बोली आली: व्हीसीआरने टीव्हीला उठवावं, टीव्हीने आपल्या वाहिन्यांची यादी व्हीसीआरला द्यावी. २००२ च्या डिसेंबरमध्ये हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी एचडीएमआयची पहिली आवृत्ती आणली, तेव्हा तीच बोली सुधारून तेराव्या पिनेवर बसवली. बाजारात एकमेकींशी झुंजणाऱ्या या कंपन्या. पण आपली यंत्रं एकमेकांशी बोलली पाहिजेत, इथे त्यांचं एकमत झालं. डिसेंबर २००५ च्या १.२ए या आवृत्तीत हुकूम आणि त्यांच्या चाचण्या पूर्णपणे ठरल्या.

मग ही सोय इतक्या लोकांना माहीतच का नाही? याचं एक कारण नावं. सॅमसंग तिला 'एनीनेट प्लस' म्हणते, सोनी 'ब्राव्हिया सिंक', एलजी 'सिम्पलिंक', पॅनासॉनिक 'व्हिएरा लिंक', फिलिप्स 'ईझीलिंक', शार्प 'ॲक्वॉस लिंक'. नावं वाचून वाटतं की एका कंपनीचा टीव्ही तर साउंडबारही तिचाच हवा. प्रत्यक्षात पाया एकच आहे. सुरू-बंद, पोर्ट बदलणं, आवाज, वर-खाली-डावी-उजवी बटणं हे मूळ हुकूम कंपन्यांच्या सीमा ओलांडून चालतात. कंपन्यांनी आपापली जादाची भर टाकायलाही जागा ठेवलेली आहे, आणि एखादा हुकूम कळला नाही तर गप्प न बसता 'हे मला येत नाही' असं सांगायची सोयही आहे.

२००९ साली या तारेचं महत्त्व आणखी वाढलं. टीव्हीतच ॲप येऊ लागली, म्हणजे आवाज टीव्हीतच जन्मू लागला. तो साउंडबारकडे न्यायला वेगळी ऑप्टिकल केबल लागायची. १.४ या आवृत्तीत 'ऑडिओ रिटर्न चॅनेल', म्हणजे एआरसी आलं: ज्या केबलने चित्र टीव्हीकडे येतं तिनेच आवाज उलटा जाऊ लागला. त्यासाठी कामी आली ती तोवर राखीव ठेवलेली चौदावी पिन. आणि त्या वाटेचं दार उघडायचा निरोप कोण देतं? तेरावी पिन! म्हणून सेटिंगमध्ये सीईसी बंद केलं की साध्या एआरसीचा आवाजही अनेकदा बंद पडतो. २.१ मधल्या ईएआरसीला, म्हणजे एआरसीच्या सुधारित रूपाला, मात्र स्वतःची वेगळी बोलण्याची वाट आहे. आवाज चालू व्हायला तिला सीईसीची गरज नाही.

जिथे रीत अडते

या रचनेत एक उणीव आहे, आणि ती विजेच्या गणितात नाही. केबलमध्ये तेरावी तार असणं बंधनकारक, पण यंत्राने त्या तारेवर बोलणं ऐच्छिक. बोलायचं ठरवलं तरी कोणते हुकूम पाळायचे यातही मोकळीक. म्हणून एखाद्या घरात टीव्ही साउंडबारला उठवतो पण झोपवत नाही. एखाद्या घरात आवाज चालतो, मेन्यूची बटणं चालत नाहीत. संगणकांच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांना ही बोली येतच नाही.

दुसरी अडचण हुद्द्यांची. प्लेअरसाठी जागा तीनच. दोन कन्सोल, एक स्ट्रीमिंग स्टिक आणि एक ब्लू-रे प्लेअर असेल, तर चौथ्याला पत्ता मिळत नाही. २००२ साली दिवाणखान्यात इतकी यंत्रं येतील असं धरलेलं नव्हतं. २०१३ च्या सीईसी २.० मध्ये १२ आणि १३ हे राखीव आकडे अशा गर्दीसाठी मोकळे केले. तिसरी गोष्ट विश्वासाची. तारेवरच्या कुणालाही ओळखपत्र दाखवावं लागत नाही. जो जोडला तो आपला. म्हणून एखादी स्टिक नुसती अपडेट होताना जागी झाली, तरी 'चित्राचा स्रोत मी' असं जाहीर करून चालू चित्रपटाच्या मध्येच पडदा आपल्याकडे ओढू शकते.

यावर घरच्या घरी करता येण्याजोगे उपाय साधे आहेत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये कंपनीने दिलेल्या नावाखाली ही सोय चालू आहे ना पाहावं, आणि प्रत्येक जोडलेल्या यंत्रातही ती वेगळी चालू करावी. एका बाजूने चालू असून भागत नाही. साउंडबारची केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमध्येच असावी. नको तेव्हा पडदा ओढणाऱ्या यंत्रापुरतीच ही सोय बंद करता येते. सगळं अडकून बसलं तर सर्व यंत्रांचे प्लग काही मिनिटं काढून आधी टीव्ही, मग बाकीची चालू करावीत. पत्ते मागायची हाक पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि बरेचदा गाठ सुटते. ज्याला हे बोलणं स्वतः ऐकायचं आहे, त्याच्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक उत्तम. त्याच्या एचडीएमआय पोर्टला सीईसी येतं, आणि लिनक्सवरची मोफत साधनं तारेवरचा प्रत्येक निरोप आकड्यांत उतरवून दाखवतात. शाळकरी मुलांना दोन यंत्रांमधला संवाद ओळीने वाचता यावा, अशी याहून स्वस्त प्रयोगशाळा क्वचितच मिळेल.

ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' या मानकाची पहिली आवृत्ती आली. ॲमेझॉन, ॲपल, गूगल अशा प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून घरातले दिवे, कुलपं, पंखे, पडदे एका बोलीत आणायचं ठरवलं. तिथल्या चिप अधिक शक्तिमान आहेत, निरोप कूटबद्ध असतात, वेगाची चणचण नाही. पण मूळ प्रश्न तोच आहे जो तेराव्या पिनेसमोर होता: सगळे सगळ्या गोष्टी पाळणार का? सेकंदाला चारशे बिटांच्या तारेने दाखवून दिलं आहे की वेगवेगळ्या घरच्या यंत्रांना एकत्र नांदवायला वेग फार लागत नाही. ऐकून घेणं, पावती देणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, कळलं नाही तर तसं सांगणं, एवढं पुरतं. मात्र ते सगळ्यांनी पाळावं लागतं. सीईसी जिथे अडतं तिथे रीत अपुरी नसते, ती ऐच्छिक ठेवलेली असते. म्हणून पुढचा टीव्ही किंवा साउंडबार घेताना पडद्याचे इंच आणि स्पीकरचे वॅट विचारून झाले, की दुकानदाराला आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: हा माझ्या घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलेल का, आणि मला ते इथेच जोडून दाखवाल का? हा प्रश्न पुरेशा ग्राहकांनी विचारला, तर ऐच्छिक ठेवलेली रीत पूर्ण पाळणं कंपन्यांनाही भाग पडेल.